विसावी वेल

डिसेंबर संपत आला होता. दादाचा फोन आला तो रद्दीसाठी. "तुमच्या सोसायटीत रद्दी किती निघेल गं?"

दादा म्हणजे माझा चुलत भाऊ. नाशिकजवळच्या मखमलाबाद शिवारात त्याची एकरभर थॉम्पसन द्राक्षांची बाग आहे. दोन्ही बाजूंनी इमारती चढत आल्यात, शेजारच्या बागेचे प्लॉट पडले, पण त्याने अजून बाग धरून ठेवली आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालेली. म्हणजे मण्यांत पाणी उतरायला, मणी मऊ पडून गोडी धरायला, आता आठ-दहा दिवस. या दिवसांत रात्री थंडी कडाक्याची आणि दुपारी ऊन तापलेलं असलं की हिरवे मणी गुलाबी पडतात. पिंक बेरी म्हणतात त्याला. असा माल व्यापारी बाजूला काढतो नाहीतर भाव पाडून मागतो. म्हणून पाणी उतरायच्या आत एकेका घडाला वर्तमानपत्राचं पान गुंडाळायचं आणि वर स्टेपलर मारायचा. मागच्या वर्षी दादाचा कागद मधेच संपला, तेव्हा रद्दीवाल्याने त्याची गरज बघून भाव लावला. यंदा त्याला आधीच आकडा हवा होता.

"तू एवढी वर्षं पोरांना सांख्यिकी शिकवतेस. मग सांग की, माझ्या बागेत घड किती?"

प्रश्न अगदी सरळ होता. बागेत २४ ओळी, ओळीत ४० वेली, म्हणजे ९६० जागा. एका वेलीला तीन मिनिटं धरली तरी सगळी बाग मोजायला ४८ तास लागतात. पुस्तकात ज्याला समष्टी म्हणतात ती हीच, बागेतले सगळे घड. (वर्गात ‘पॉप्युलेशन’ म्हटलं की निम्मी पोरं ‘लोकसंख्या’ लिहितात. घडांची लोकसंख्या असं ऐकायला काही वाईट वाटत नाही, पण पेपर तपासताना वैताग येतो.) मी ठरवलं, ४८ वेली मोजायच्या. ९६० भागिले ४८ म्हणजे २०. एक ते वीसमधून एक आकडा चिठ्ठीने काढायचा, त्या वेलीपासून सुरुवात करायची आणि पुढे दर विसावी वेल घ्यायची. वेलींवरच्या घडांची बेरीज गुणिले २०, झालं उत्तर. यालाच पद्धतशीर नमुना निवड म्हणतात. फळ्यावर मी ती दरवर्षी दोन तासिकांत संपवते. हातात पाटी-पेन घेऊन मात्र एकदाही केली नव्हती, हे त्या दिवशी स्कूटीवरून पंचवटी ओलांडताना माझ्या लक्षात आलं आणि जरा ओशाळल्यासारखं झालं.

"नमुना काढायचा म्हणतेस?" दादा म्हणाला. "घरात दोन नमुने आहेत, आता तिसरा आला."

चिठ्ठी त्याच्या धाकट्याने उचलली. वीस.

क्रमांक विहिरीच्या बाजूने द्यायचे ठरले. प्रत्येक ओळीत विहिरीकडची पहिली वेल, पश्चिमेच्या बांधाकडची चाळिसावी. मधे अकरा ठिकाणी तुटाळ होती, वेल मेलेली आणि नवीन लावलेली नाही. दादा म्हणाला, त्या सोडून दे. मी म्हटलं, सोडायच्या नाहीत, त्यांनाही क्रमांक द्यायचा आणि नमुन्यात आल्या तर शून्य लिहायचं. "नसलेली वेल मोजायची?" हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही. पण आपला हिशेब ९६० जागांचा असेल तर त्यात रिकाम्या जागाही धरल्याच पाहिजेत. नाहीतर जिथे वेलच नाही तिथेही घड लटकतील, कागदावर तरी.

मोजणी सुरू केली आणि पहिल्याच वेलीला कळलं की घड मोजणं हा बसून करायचा प्रकार आहे. वाय पद्धतीच्या मांडवाला दोन हात असतात. उभं राहून बघितलं तर पानांआडचे निम्मे घड दिसतच नाहीत. बेडवर उकिडवं बसायचं, खालून वर बघायचं, आधी डावा हात आणि मग उजवा. एखादा घड दोनदा तर मोजला नाही ना म्हणून मी बोट लावायला गेले तर लांबून दादा ओरडला, "हात लावू नको, लस्टर जाईल!" मण्यांवरची ती पांढुरकी झाक एकदा पुसली की परत येत नाही, आणि व्यापारी आधी तीच बघतो. मग डोळ्यांनीच मोजत गेले. नवव्या ओळीत नेमक्या माझ्या वेलीवर लाल मुंगळ्यांची रांग लागलेली होती. शेजारची वेल कशी स्वच्छ, मोकळी. मोह झाला. पण एकदा शेजारची घ्यायला लागलं की पुढे ऊन लागलं, चिखल लागला, अशी कारणं मिळतच जातात आणि शेवटी आपण आपल्याला सोयीच्या वेली मोजून घरी येतो. मुंगळे सहन केले.

अडीच तासांनी बेरीज आली १,४२५. गुणिले वीस, २८,५००.

ओट्यावर चहा घेता घेता मी आकडा जाहीर केला. दादाने कप खाली ठेवला. "मागच्या साली तेहेतीस हजार पानं लावली आणि वर कमी पडली. यंदा माल जास्त दिसतोय. अठ्ठावीस कुठून आणलेस?"

मी बचावाला उतरले. डोळ्यांना भास होतो, रस्त्याकडच्या भरलेल्या वेलीच लक्षात राहतात, नुसत्या नजरेचा अंदाज जास्त जाऊ शकतो, वगैरे. यातलं काही खोटं नाही. पीक कापणीच्या सर्वेक्षणांवर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी भरपूर काम केलं. साताऱ्याकडच्या बुधचा हा माणूस. छोट्या चौकटीत पीक कापलं की उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, कारण चौकटीच्या कडेवरची रोपं आत ओढून घेण्याकडे हाताचा कल असतो, हे त्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये मांडलं होतं. मी हे सगळं दादाला ऐकवलं. कडेवरच्या झाडांचं एवढं पुराण सांगताना माझ्या स्वतःच्या वहीतल्या कडेकडे मात्र माझं लक्ष गेलं नाही.

ते गेलं वहिनींचं. त्या कणीक मळता मळता वही बघत होत्या. मी प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे लिहिले होते.

"ताई, हे दुसरे आकडे सगळे सुरूकडचे आहेत का?"

पश्चिमेच्या बांधावर वाऱ्याला अडोसा म्हणून सुरूची झाडं लावलेली आहेत, चांगली उंच. दुपारनंतर त्यांची सावली शेवटच्या तीन-चार वेलींवर पडते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे नव्या काड्यांसाठीच्या छाटणीनंतर, काडीच्या डोळ्यात घड तयार होतो तेव्हा तिथे ऊन पोहोचलं पाहिजे. ज्या वेलींना ते मिळत नाही त्या पुढे पानांनी भरतात, पण घड कमी देतात. हे वहिनींना ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं, मलाही लहानपणापासून ठाऊक होतं.

माझी पहिली वेल विसावी. पुढची चाळिसावी, सुरूखालची. तिसरी साठावी, म्हणजे दुसऱ्या ओळीतली विसावी. चौथी पुन्हा सुरूखाली. ओळ चाळीसची आणि पाऊल वीसचं. चोवीस ओळींत मी फक्त दोनच जागा पाहिल्या होत्या, ओळीचा मध्य आणि ओळीचं शेवटचं टोक. वहीतल्या दोन रकान्यांची वेगवेगळी बेरीज केली. मधल्या २४ वेलींचे ९२७ घड, टोकाच्या २४ वेलींचे ४९८. एकीकडे सरासरी ३८ च्या वर, दुसरीकडे २१ सुद्धा नाही. अख्ख्या बागेत टोकाची वेल चाळिसात एक, माझ्या नमुन्यात मात्र दोनात एक.

समष्टीत ठरावीक अंतराने काही पुन्हा पुन्हा येत असेल आणि आपलं पाऊल त्याच अंतराशी जुळलं तर ही पद्धत फसवते, हे वाक्य मी इतक्या वेळा लिहून दिलंय की झोपेतही म्हणेन. उदाहरण द्यायचे ते सोसायटीचं. दर मजल्यावर चार फ्लॅट, आपण दर चौथा फ्लॅट घेतला तर सगळे एकाच जागेवरचे येतील. पोरं माना डोलवतात. बागेत ओळ हीच सोसायटी आहे, हे समोर सुरूची झाडं असतानाही दिसू नये म्हणजे कमालच.

त्या रात्री नीट विचार केला. चूक चिठ्ठीची होती का? चिठ्ठीने १ ते १६ मधला आकडा दिला असता तर सावलीतली एकही वेल नमुन्यात आली नसती आणि अंदाज खऱ्यापेक्षा थोडा जास्त आला असता. १७ ते २० मधला आला तर बराच कमी. वीस पायऱ्यांच्या या पद्धतीत एकूण नमुनेच वीस शक्य असतात. त्या विसांच्या अंदाजांची सरासरी काढली तर ती बरोबर खऱ्या आकड्यावर येते, म्हणून पुस्तकाच्या भाषेत पद्धत निःपक्षपाती. पण दादाला वीस अंदाजांच्या सरासरीशी काय देणंघेणं? त्याला रद्दी एकदाच घ्यायची होती, आणि माझ्या हाती वाईट चारांपैकी एक लागला होता. सोळा चांगल्या चिठ्ठ्यांपैकी एखादी आली असती तर आकडा दादाला पटला असता, मी शाबासकी घेऊन घरी गेले असते आणि ही खोट कोणाला कधी कळलीच नसती. याची मला जास्त भीती वाटली.

एकाच नमुन्यातल्या वेली एकमेकींसारख्या असल्या की नुकसान किती होतं, याचं सूत्र आहे. नमुन्यातल्या वेलींच्या आपसातल्या साम्याचा सहसंबंध ρ धरला, तर सरसकट चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या तेवढ्याच वेलींच्या तुलनेत व्हेरिअन्स, म्हणजे अंदाजाची चढउतार मोजणारा आकडा, साधारण १ + (n−१)ρ पट होतो. n म्हणजे नमुन्यातल्या वेली, इथे ४८. साम्य नुसतं ०.१ असलं तरी हा गुणक ५.७ येतो. उलट नमुन्याच्या आतच सगळ्या तऱ्हेच्या वेली आल्या, तर ρ शून्याखाली जातो आणि हीच पद्धत चिठ्ठ्यांपेक्षा सरस ठरते. म्हणूनच तर मला ती सोडायची नव्हती. दादाची माती ओढ्याकडच्या ओळींत खोल आहे आणि चोविसाव्या ओळीकडे जाता जाता मुरमाड होत जाते. दर ओळीत दोन वेली पडल्यामुळे हा उतार माझ्या पहिल्या नमुन्याने अगदी व्यवस्थित पकडला होता. आडव्या दिशेने उत्तम मोजणी आणि उभ्या दिशेने पार चुकलेली, दोन्ही एकाच वहीत.

मग पाऊल बदललं. चाळीसला ज्याने भाग जात नाही एवढंच पुरत नाही, चाळीस आणि पाऊल यांच्यात एकाशिवाय सामाईक विभाजकच नको. सतरा घेतले. दर सतरावी वेल घेत गेलं की चाळीस वेली होईपर्यंत ओळीतली प्रत्येक जागा, पहिलीपासून चाळिसावीपर्यंत, बरोबर एकेकदा येते. विश्वास बसत नसेल तर कागदावर करून बघा, मी पहाटे करून बघितलं.

अडचण एकच, ९६० ला १७ ने भाग जात नाही. सुरुवात कुठून होते त्यावर वेली कधी ५६ पडतात, कधी ५७. यावरचा तोडगा डी. बी. लाहिरींचा. भारतीय सांख्यिकी संस्थेतले हे लाहिरी. यादी वर्तुळात मांडली आहे असं समजायचं. एक ते ९६० मधला कोणताही आकडा सुरुवात म्हणून घ्यायचा आणि ९६० ओलांडलं की पुन्हा एकपासून पुढे जायचं. वेली बरोबर ५६, सगळ्यांना निवडले जायची संधी सारखी.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुरुवातीचा आकडा या वेळी धाकट्याकडे मागितला नाही. दहाच्या नोटेच्या क्रमांकातले शेवटचे तीन अंक घ्यायचे, ९६० च्या वर गेले तर दुसरी नोट. ६१३ आले. सोळाव्या ओळीतली तेरावी वेल. तिथून ६३०, ६४७, ६६४ असं ९५३ पर्यंत, मग वळसा घालून १० आणि पुढे ५८८ ला शेवट. सगळी यादी आधीच कागदावर उतरवली, त्यामुळे एका ओळीने जाऊन दुसऱ्या ओळीने उलटं परत येता आलं. नाहीतर प्रत्येक ओळीला विहिरीपर्यंत रिकामी चाल झाली असती.

आणि एक सुधारणा केली, खरं तर वहिनींच्या हट्टामुळे. त्या म्हणाल्या, "मी पण मोजते, बघू तुमचं-माझं जुळतं का." संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस हेच करायचे! दोन स्वतंत्र नमुने, दोन वेगळी माणसं, आणि शेवटी दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. पद्धतशीर नमुन्याची एक दुखरी जागा अशी की एकाच नमुन्यावरून त्याची त्रुटी, म्हणजे अंदाज किती इकडेतिकडे असू शकतो ते, सचोटीने काढता येत नाही, कारण यादृच्छिक, चिठ्ठीवर सोडलेली गोष्ट त्यात एकच असते, पहिला आकडा. दोन सुरुवाती घेतल्या की काहीतरी हाताला लागतं. वहिनींच्या नोटेने २८८ दिले. दोघींच्या यादीत एकही वेल सामाईक नव्हती, मी तपासून घेतलं.

निघण्यापूर्वी पाच वेली दोघींनी मिळून मोजल्या आणि बरं झालं. माझे आकडे प्रत्येक वेळी दोन-तीनने जास्त. मी बोटाएवढे राहिलेले घडही धरत होते. वहिनी म्हणाल्या, "याला कोण पेपर लावणार?" मुठीपेक्षा लहान घड मोजायचा नाही, असा नियम तिथेच ठरला. म्हणजे आदल्या दिवशी मी असले बारके घड धरूनही आकडा २८,५०० वरच अडकला होता. हे मी दादाला सांगितलं नाही.

वहिनी माझ्यापेक्षा पाऊण तास आधी मोकळ्या झाल्या. रामशेज किल्ल्याच्या बाजूने गार वारा सुटला होता, त्या शेकोटीपाशी जाऊन बसल्या आणि तिथून मला ओळींचे नंबर ओरडून विचारत राहिल्या.

माझ्या ५६ वेलींचे २,०५१ घड. सरासरी ३६.६२५, गुणिले ९६०, म्हणजे ३५,१६०. वहिनींचे १,९९५, त्यावरून ३४,२००. दोन्हींची सरासरी ३४,६८०, आणि दोघींतल्या फरकाच्या निम्मी प्रमाणित त्रुटी, ४८०. दोनच आकड्यांवर उभी केलेली ही त्रुटी लंगडी आहे, वर्गात मी असं उत्तर घेतलं नसतं. पण रद्दी घ्यायला पुरेशी होती.

दादाने आकडा ऐकला आणि या वेळी कप खाली ठेवला नाही.

पुढचं काम वजनाचं. रद्दी किलोने मिळते, घडाला पान लागतं. शंभर पानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, ९०० ग्रॅम भरली. म्हणजे ३४,६८० पानांना ३१२ किलो. फाटतूट धरून थोडी वाढवून दादाने ३३० किलो उचलली. आमच्या सोसायटीतून त्यातली जेमतेम चाळीस निघाली. बाकीची रद्दीवाल्याकडून, पण घाईची वेळ नसल्याने घासाघीस करून.

पेपर लावायला पेठ तालुक्याकडच्या बाया आल्या. शंभर पानांचे गठ्ठे आधीच बांधून ठेवलेले. एक संपला की दुसरा न्यायचा आणि ओट्यावरच्या पाटीवर रेघ मारायची. ही रेघांची कल्पना माझी, कारण मला खरा आकडा हवा होता आणि तो मिळायची संधी आयुष्यात क्वचित येते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ३४६ रेघा झाल्या. साधारण चार गठ्ठ्यांची पानं फाटून गेली, असं बायांचं म्हणणं. म्हणजे ३४,२०० च्या आसपास घड. अगदी काटेकोर हाही आकडा नाही, काही वेलींवर उंचावरचे घड तसेच राहिले असतील. तरी वहिनींच्या अंदाजाच्या इतक्या जवळ तो आला की त्यांनी दोन दिवस मला ऐकवलं. माझ्या पहिल्या २८,५०० वर रद्दी आणली असती तर बागेच्या शेवटच्या चारेक ओळी उघड्या राहिल्या असत्या.

गठ्ठे वीस उरले. दादाने ते माळ्यावर टाकले. मी निघाले तेव्हा सगळी बाग जुन्या बातम्यांनी भरली होती आणि धाकटा वेलींखाली उकिडवा बसून क्रिकेटचे निकाल वाचत होता. गेटपाशी दादाने गाठलंच.

"घड कळले. आता माल किती क्विंटल निघेल ते सांग. व्यापारी पुढच्या महिन्यात येणार."

म्हणजे आता वेलीवरचे निवडक घड तोडून वजन करायचे. तोडायचे कुठले? हात आपोआप भरलेल्या घडाकडेच जातो. मी स्कूटी स्टँडला लावून विचार करत होते तेवढ्यात वहिनींनी कमरेच्या बटव्यातून दहाची नोट काढून पुढे केली.